लेकीला शब्द किती येतात? परदेशातलं मूल, घरातली मराठी आणि संशोधन वाचायची रीत



या वेळचा विषय माझ्या प्रयोगशाळेतला नाही, घरातला आहे. मी जर्मनीत ग्योटिंगेनला वनस्पतींवर पीएच.डी. करतेय. नवरा इथेच नोकरी करतो आणि लेक आता तीन वर्षांची झालीय. परदेशात पीएच.डी. करताना लहान मूल असेल तर जमतं का, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. पाळणाघराचा प्रश्न इथे तुलनेने सोपा आहे. १ ऑगस्ट २०१३ पासून जर्मनीत वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात जागेसाठी धावाधाव करावी लागते, पण लेक तेरा महिन्यांची असताना आम्हाला जागा मिळाली. मला खरा घाम फुटला तो एका वेगळ्याच प्रश्नाने. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला त्यातून काही शिकता येईल असं वाटलं, म्हणून आज ते सविस्तर लिहितेय.

तर झालं असं

जर्मनीत लहान मुलांच्या ठरावीक वयाला ठरावीक तपासण्या होतात. त्यातली ‘ऊ-झीबन’, म्हणजे सातवी तपासणी, २१ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असते. या वयात बोलण्याकडे खास लक्ष देतात. दोन वर्षांच्या आसपास मुलाला ५० पेक्षा कमी शब्द बोलता येत असतील तर त्याच्यावर नजर ठेवायची, असा ढोबळ निकष वापरतात.

डॉक्टरांनी शब्दांची यादी पुढे केली. मी प्रामाणिकपणे लेक म्हणते त्या जर्मन शब्दांवर खुणा केल्या. बाल, आउटो, नाइन... एकूण १९ भरले. डॉक्टर जरा गंभीर झाले. घरी कोणती भाषा बोलता, असं त्यांनी विचारलं. मराठी म्हटल्यावर म्हणाले, की काही दिवस घरीही जर्मनच बोलून बघा, मुलीचा गोंधळ होत असेल. पाळणाघरातल्या ताईंनीही आधी असंच सुचवलं होतं.

त्या रात्री नवरा म्हणाला, “अगं, आपलं जर्मन कसलं? आपण बोलणार आणि ती तसलंच शिकणार.” मी हसले, पण झोप काही लागली नाही. आपल्या हट्टापायी पोरीचं नुकसान तर होत नाहीये ना? दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जेल चालू असताना मी माझ्या विषयाचे पेपर बाजूला ठेवले आणि मुलांच्या भाषेवरचे वाचायला घेतले. वाचता वाचता तीन प्रश्न हाताशी आले. ते कुठल्याही विषयाला लागू पडतात.

पहिला प्रश्न: नेमकं मोजलं काय?

घरी येऊन मी वहीत दोन रकाने आखले. जर्मन शब्द १९. मराठी शब्द ४४. ‘पाणी’, ‘भू’, ‘आजी’, ‘दे’, ‘नको’, ‘मंमं’ वगैरे. बेरीज ६३. आता यात ११ गोष्टींना तिच्याकडे दोन्ही भाषांत शब्द होते. उदाहरणार्थ ‘पाणी’ आणि ‘वासर’. (साताऱ्याहून माझी आई फोनवर एकदा म्हणाली होती, “अगं, ही पोर कुठलं वासरू मागतेय मगापासून?”) ही जोडी एकदाच धरली तर ५२ कल्पना उरतात.

मूल एकच, पण आकडे तीन: १९, ६३ आणि ५२. १९ वर थांबलं तर मूल मागे पडलेलं. बाकी दोन्ही आकड्यांनी ते ठीकठाक.

ही काही माझी शोधबुद्धी नव्हे. १९९३ मध्ये बार्बरा पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मायामीमध्ये हेच तपासलं होतं. इंग्लिश आणि स्पॅनिश एकत्र शिकणारी २५ मुलं आणि एकच भाषा शिकणारी ३५ मुलं, वय ८ ते ३० महिने. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरल्यावर द्विभाषिक मुलं मागे असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. एकाच भाषेपुरतं मोजलं तर आकडा कमी दिसणं स्वाभाविक आहे. जागेपणीचे तास सगळ्या मुलांना सारखेच मिळतात, इथे ते दोन भाषांत वाटले जातात.

पंचवीस मुलं म्हणजे नमुना लहान, हे खरं. पण मुद्दा आकाराचा नाही, मापाचा आहे. मोजपट्टी अर्ध्या वस्तूवर ठेवली तर नमुना कितीही मोठा घ्या, उत्तर चुकीचंच येणार.

दुसरा प्रश्न: तुलना कोणाशी केली?

‘दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो’ हा समज आला कुठून? एक धागा १९२३ पर्यंत जातो. डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या सुमारे १,४०० शाळकरी मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली. ग्रामीण भागात वेल्श-इंग्लिश बोलणारी मुलं फक्त इंग्लिश बोलणाऱ्यांपेक्षा मागे दिसली. शहरी भागात मात्र असा फरक दिसला नाही.

इथे थांबून विचार करा. कारण दोन भाषा हेच असतं तर शहरातही फरक दिसायला हवा होता. म्हणजे दुसरं काहीतरी मध्ये आहे: घरची परिस्थिती, शाळा, चाचणीच्या भाषेशी रोजचा संबंध. संख्याशास्त्रात ज्याला गोंधळ घालणारा घटक म्हणतात, तो हाच. गोंधळ मुलाच्या डोक्यात नव्हता, तुलनेत होता.

पुढे १९६२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला. घरची आर्थिक-सामाजिक पातळी सारखी ठेवली, तर द्विभाषिक मुलं चाचण्यांत पुढे निघाली! हे वाचून मी खुर्चीतच टाळी वाजवली. मग पद्धतीचा भाग पुन्हा वाचला. द्विभाषिक गटात त्यांनी फक्त दोन्ही भाषांवर चांगली पकड असलेली मुलंच घेतली होती. मुळातच तरतरीत मुलं त्या गटात जास्त आली असण्याची शक्यता राहते. टाळी अर्धी मागे घेतली.

तिसरा प्रश्न: कोणते निकाल आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत?

आजकाल उलटी हवा आहे. दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो, लक्ष केंद्रित करायची ताकद वाढते, असं सर्रास सांगितलं जातं. एलन बियालिस्टॉक यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून ही चर्चा वाढली. पण २०१५ मध्ये अँजेला द ब्राउन आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. १९९९ ते २०१२ या काळात परिषदांमध्ये या विषयावर जे सारांश मांडले गेले, त्यातले पुढे नियतकालिकात किती छापून आले? द्विभाषिकतेचा फायदा दाखवणारे निकाल छापून यायचं प्रमाण जास्त निघालं. फायदा न दाखवणारे कित्येक निकाल मागेच राहिले.

तेव्हा ‘मराठी बोला म्हणजे मूल हुशार होईल’ असंही मी कुणाला सांगणार नाही. मराठी बोलायला एवढं मोठं कारण लागतं तरी कशाला?

मग खरा धोका कुठे आहे?

माझा दृष्टिकोन ज्याने बदलला तो अभ्यास बेल्जियमचा आहे. डच ही बहुसंख्यांची भाषा असलेल्या फ्लँडर्स भागात अनिक द हाउवर यांनी १,८९९ कुटुंबांची माहिती तपासली (२००७). प्रत्येक घरात आई किंवा बाबा, निदान एक जण दुसरी एखादी भाषा बोलणारा होता, आणि ६ ते ९ वर्षांचं निदान एक मूल होतं. निष्कर्ष असा, की या घरांतली मुलं डच बोलतच होती. पण साधारण चौथा हिस्सा घरांत मुलं घरची भाषा बोलतच नव्हती.

दोन्ही पालक घरात फक्त आपली भाषा बोलायचे, अशा घरांपैकी सुमारे ९७ टक्के घरांत ती भाषा मुलांपर्यंत पोचली. एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी भाषा बोलायची, ही खूप सुचवली जाणारी पद्धत जिथे होती, तिथे सुमारे ७४ टक्के.

हाही सहसंबंधच आहे, बरं का. ज्यांना भाषेची ओढ जास्त ते सुट्टीत गावीही जास्त जात असतील, हे आपण विसरायचं नाही. पण दिशा स्पष्ट आहे. बाहेरची भाषा शाळेतून, मित्रांतून येतेच. निसटते ती घरातली. डॉक्टरांना काळजी जर्मनची होती. आकडे बघून मला काळजी मराठीची वाटायला लागली.

आजीचा व्हिडिओ कॉल उपयोगी पडतो का?

पट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा सत्रांत मँडरिन ऐकवली. समोर माणूस बसून बोलला तेव्हा बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. तेच रेकॉर्ड करून पडद्यावर दाखवलं तर नाही. म्हणजे मराठी बडबडगीतं लावून देऊन आपण मोकळं व्हायचं, हा माझा बेत बारगळला.

पण २०१४ च्या रोझबेरी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात २४ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांना नवी क्रियापदं शिकवली. समोरासमोर शिकली, व्हिडिओ कॉलवरही शिकली, रेकॉर्डिंगवरून मात्र नाही. फरक पडद्याचा नव्हता. समोरचा माणूस मुलाला उत्तर देतोय का, हा होता. त्यामुळे आजी “आज काय जेवलीस गं?” विचारून उत्तराची वाट बघते, तो वेळ फुकट जात नाही.

एक सावधगिरी

हे वाचून कुणी मुलाच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करू नका. दोन्ही भाषा मिळूनही शब्द फार थोडे असतील, साध्या सूचना कळत नसतील, दोन वर्षं उलटली तरी दोन शब्द जोडले जात नसतील, तर तज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी करून घ्या. भाषेची खरी अडचण सहसा सगळ्याच भाषांत दिसते. ‘दोन भाषा आहेत ना, होईल हळूहळू’ म्हणून थांबणं हीही चूकच.

आम्हीही कान तपासून घेतले. ते ठणठणीत निघाले. वहीतले दोन रकाने घेऊन मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे बघितलं, मराठी शब्दही फाइलमध्ये लिहून घेतले आणि तीन महिन्यांनी या म्हणाले. तोवर लेक “बाबा, आउटो दे” असं तीन शब्दांचं वाक्य बोलायला लागली होती. भाषा दोन, वाक्य एक.

आता तीन वर्षांची झालीय आणि तिचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी मराठीत विचारते, ती बरेचदा जर्मनमध्ये उत्तर देते. परवा तिने आजीला पाळणाघरातली मोठी गोष्ट रंगवून सांगितली, सगळी जर्मनमध्ये. आजी कौतुकाने हसत राहिली. फोन ठेवताना मला हळूच म्हणाली, “काय म्हणत होती गं? मला काहीच कळलं नाही.”

९७ आणि ७४ यांच्यातला फरक मला त्या दिवशी कळला. तेव्हापासून रात्रीची गोष्ट आम्ही मराठीतच सांगतो, प्रबंधाचं प्रकरण कितीही अडलेलं असो. आणि गोष्टीतला कोल्हा मध्येच तिला प्रश्न विचारतो. त्याला जर्मन येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.