लायसियममधला धंदा आणि ग्रँट मेडिकलची विद्यार्थिनी

लंडनच्या स्ट्रँड भागातलं लायसियम हे मुळात नाटकाचं थिएटर. हेन्री अर्व्हिंगने तिथे शेक्सपिअर गाजवला आणि त्याच्या काळात थिएटरचा कारभार पाहायचा ब्रॅम स्टोकर, तोच ‘ड्रॅक्युला’चा लेखक. १९३९ मध्ये नाटकं थांबली. युद्धानंतर मेक्का नावाच्या कंपनीने त्या वास्तूची बॉलरूम केली आणि १९५१ मध्ये ती लोकांसाठी उघडली. मिस वर्ल्डचा जन्म तिथलाच, त्याच वर्षीचा.

सौंदर्यस्पर्धेचा विषय निघाला की आपण लगेच स्त्रीदेहाच्या बाजारावर किंवा देशाच्या अभिमानावर घसरतो. मला आधी या कंपनीकडे बघावंसं वाटतं. मेक्का डान्स हॉल चालवायची. संध्याकाळी हॉल भरला पाहिजे, एवढंच तिचं तत्त्वज्ञान. एरिक मॉर्ली हा तिचा प्रसिद्धीचा माणूस. टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेला ‘कम डान्सिंग’ हा नाचाचा कार्यक्रम त्याच्याच डोक्यातला, आणि पुढे इंग्लंडभर बिंगोचं वेड पसरवण्यातही त्याचा मोठा हात. १९५१ च्या उन्हाळ्यात ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ हा सरकारी उत्सव चालू होता. त्या गर्दीत आपलाही झेंडा फडकावा म्हणून मॉर्लीने बिकिनी स्पर्धा काढली. ‘मिस वर्ल्ड’ हे नाव चिकटवलं वर्तमानपत्रांनी; प्रत्यक्षात बहुतेक मुली ब्रिटिशच होत्या. जिंकली स्वीडनची किकी होकान्सन. तिला बिकिनीतच मुकुट घातला गेला, त्यावरून गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षापासून बिकिनी जाऊन अंगभर स्विमसूट आला. एकदाच करायची म्हणून काढलेली ही स्पर्धा. पण अमेरिकेत मिस युनिव्हर्स सुरू होतेय हे कळल्यावर मॉर्लीने ती वार्षिक करून टाकली.

मॉर्लीची खरी करामत मात्र निकाल सांगण्यात होती. आधी तिसरी, मग दुसरी, शेवटी पहिली, असा उलटा क्रम त्याने रूढ केला. आज गल्लीतल्या रांगोळी स्पर्धेतही निकाल असाच लागतो! १९५९ पासून बीबीसी स्पर्धा दाखवू लागली आणि नोव्हेंबरातली ती एक रात्र इंग्लंडातल्या घराघरांत शिरली. प्रत्येक देशात कुणीतरी स्थानिक आयोजक स्पर्धक निवडून पाठवायचा. आपल्याकडे १९६६ मध्ये हे काम मुंबईच्या ‘ईव्ह्ज वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकाने केलं.

त्या वर्षीची निवड होती रीटा फारिया. आईवडील गोव्याचे, जन्म मुंबईचा, माटुंग्याचा, वय २३, उंची पाच फूट आठ इंच. ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी, म्हणजे जे. जे. हॉस्पिटलचे वॉर्ड तुडवणारी. या मुलीची तयारी वाचताना हसू येतं. साडी उसनी. स्विमसूट आदल्या वर्षीची मिस इंडिया पर्सिस खंबाटा हिच्याकडून मागून आणलेला, तोही या उंच मुलीला अपुरा. लंडनला उतरली तेव्हा हातात अवघे तीन पौंड होते, असं तिनेच पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. आज मिस इंडियाच्या मुलींना चालण्यापासून दातांपर्यंत सगळं शिकवायला तज्ज्ञांची फौज असते.

१७ नोव्हेंबर १९६६ ला लायसियममध्ये ५१ देशांच्या मुली होत्या. युगोस्लाव्हियाची निकित्सा मारिनोविच दुसरी आली, ग्रीसची स्पर्धक तिसरी. पहिली रीटा. आशियातल्या कुठल्याही देशाला हा मुकुट पहिल्यांदाच मिळत होता. उसन्या स्विमसूटचा प्रश्न शेवटी नवा विकत घेऊन सुटला होता. गंमत अशी, की स्विमसूट आणि संध्याकाळचा पोशाख या दोन्ही उपस्पर्धाही तिनेच जिंकल्या.

मुकुटामागे करार असतो. वर्षभर विजेतीने कंपनी सांगेल तिथे जायचं. त्याच डिसेंबरात बॉब होप या विनोदी नटाबरोबर अमेरिकी सैनिकांची करमणूक करायला तिला व्हिएतनामला जावं लागलं आणि भारतात टीकेची झोड उठली. युद्धाला आपला विरोध होता, त्यामुळे टीका समजण्यासारखी होती. पण ती झेलायला लागली २३ वर्षांच्या विद्यार्थिनीला, आणि करार लिहिणारे राहिले नामानिराळे. वर्ष संपलं. सिनेमा आणि मॉडेलिंगला नकार देऊन ती पुन्हा वैद्यकाच्या अभ्यासाकडे वळली आणि लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकली.

कंपनीचं गाडं पुढे चाललंच. १९६९ पासून सोहळा रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आला. १९७० मध्ये स्त्रीमुक्तीवाल्या बायकांनी तिथे पिठाच्या पिशव्या फेकून बॉब होपला मंचावरून पळवलं. दक्षिण आफ्रिकेतून त्याच वर्षी गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी अशा दोन मुली उभ्या केल्या होत्या. जिंकली मात्र ग्रेनाडाची कृष्णवर्णीय जेनिफर होस्टेन. १९७४ ची विजेती हेलन मॉर्गन कुमारी माता असल्याची बातमी फुटली आणि तिला चार दिवसांत मुकुट सोडावा लागला. ‘व्यक्तिमत्त्व’ पाहणाऱ्या स्पर्धेचं हे खरं मोजमाप.

इंग्लंडला कंटाळा आला तेव्हा धंदा नव्या बाजारांकडे वळला. १९९६ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या एबीसीएल या कंपनीने मिस वर्ल्ड बेंगळुरूला आणली. विरोध इतका पेटला, की स्विमसूटची फेरी सेशेल्सला हलवावी लागली. मदुराईत एका तरुणाने आत्मदहन केलं. एबीसीएलही त्यानंतर कर्जात बुडाली. ज्या फेरीतून हा सगळा खेळ जन्मला, ती स्विमसूटची फेरी संयोजकांनी २०१४ मध्ये बंदच केली. मॉर्ली २००० मध्ये गेला. कारभार त्याची पत्नी ज्युलिया पाहते. २०२४ चा सोहळा मुंबईत झाला, २०२५ चा हैदराबादला.

भारताच्या नावावर आज सहा मिस वर्ल्ड आहेत. त्यांतल्या बहुतेकींनी मुकुटाचा जिना करून सिनेमा गाठला, त्यात गैर काही नाही. पण या कंपनीशी व्यवहार सगळ्यांत शहाणपणाने केला तो पहिलीने. डॉ. रीटा फारिया-पॉवेल १९७३ पासून डब्लिनला राहतात; आयुष्यभर त्यांनी डॉक्टरकीच केली.