मधल्या जागेचे विज्ञान

मुंबईहून नागपूरला येणाऱ्या विमानात आमच्या वाट्याला मधली जागा आली. खिडकीशी बसलेले गृहस्थ भिंतीला डोके टेकून झोपी गेले. दुसऱ्या बाजूच्या बाईंनी वर्तमानपत्र उघडले. आम्ही मात्र दोन्ही हात मांडीवर जुळवून, कीर्तनाला बसल्यासारखे, समोरच्या आसनाच्या पाठीकडे पाहत राहिलो. पुढे नागपूरहून एस.टी.ने कारंजा आणि तेथून काळीपिवळीने मानोरा गाठायचे होते. काळीपिवळीतही नशीब बदलले नाही. चालक आणि दुसरा एक प्रवासी यांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याला गुडघा लागू न देता आम्ही बसलो.

मानोऱ्याला विज्ञान शिक्षकांचे शिबिर होते. चहाच्या वेळी ही कहाणी सांगितली तेव्हा सगळे हसले. हसणे थांबल्यावर एक शिक्षिका म्हणाल्या, "विमानाचं जाऊ द्या सर. आमच्या वर्गात एका बाकावर तिघं बसतात. मधातलं लेकरू वर्षभर मधातच बसते. त्याचं काय?"

या प्रश्नाला आम्हाला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. परत आल्यावर या विषयावरचे संशोधन चाळले. हा लेख म्हणजे बाईंना उशिराने दिलेले उत्तर आहे.

सहा हात, चार दांडे

आधी साधे गणित करू. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ या विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने असतात. म्हणजे १८० आसनांच्या विमानात ६० जागा मधल्या. भरलेल्या विमानात दर तिसरा माणूस मध्ये बसतो. तीन आसनांच्या रांगेत हात टेकवायचे दांडे चार आणि हात सहा. कडेच्या दोघांना बाहेरचा एकेक दांडा हक्काचा मिळतो. उरलेल्या दोन दांड्यांवर चार हातांचा दावा असतो. मधल्याच्या हक्काचा असा एकही दांडा नाही.

आसनाची रुंदी साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर. बसायला कमरेखालचा भाग लागतो, म्हणून रुंदीचा विचार परंपरेने त्या मापावरून झाला. पण बहुतेक पुरुषांत सर्वांत रुंद भाग असतो खांद्यांचा, आणि टक्कर तेथेच होते. कडेचा माणूस जरा बाहेर झुकून सुटका करून घेतो. मधल्याने एकाला टाळले की तो दुसऱ्याच्या अंगावर जातो.

अमरावतीहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली ती एटीआर ७२ जातीच्या विमानाने. त्यात वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच आसने असतात, त्यामुळे मधली जागा हा प्रकारच नाही. उलट एस.टी.च्या जुन्या साध्या गाड्यांत एका बाजूला तिघांचा बाक असे आणि त्यावर दांडेही नसत. 'थोडं सरका ना भाऊ' एवढ्यावर सीमा ठरे.

ही मधली जागा एकदा न्यायालयातही गेली. २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाच्या साथीत, परदेशातून भारतीयांना आणणाऱ्या विमानांत मधली जागा रिकामी ठेवली जात नाही, अशी तक्रार एअर इंडियाच्याच एका वैमानिकाने मुंबई उच्च न्यायालयात केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आले. १५ जून २०२० रोजी उच्च न्यायालयाने सुरक्षेचे नियम पाळून मधली जागा भरण्यास परवानगी दिली. दरम्यान १ जूनला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितले होते की मधली जागा शक्यतो रिकामी ठेवा, आणि भरावीच लागली तर त्या प्रवाशाला अंगभर गुंडाळायचा झगा द्या. मधल्या माणसाला दोन्हीकडून शेजारी असतात, ही साधी गोष्ट त्या झग्याने अधिकृतपणे मान्य केली.

अंगाभोवतीचे न दिसणारे कुंपण

पण साथ नसतानाही मधली जागा नकोशी का वाटते? एडवर्ड हॉल या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसामाणसांतील अंतरांचे चार पट्टे मांडले. सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आतला पट्टा जवळीकीचा. तेथे आई, मूल, जोडीदार अशी माणसेच चालतात. त्यापुढे १२० सेंटिमीटरपर्यंत ओळखीच्यांचा पट्टा, मग कामकाजाचा आणि शेवटी सभेचा. ही मापे हॉलने अमेरिकेतील निरीक्षणांवरून काढली होती. ती समाजासमाजात बदलतात, हे त्याचेच म्हणणे होते. पट्टे मात्र सगळीकडे असतात. मधल्या जागेवर दोन अनोळखी माणसे एकाच वेळी पहिल्या पट्ट्यात येऊन बसतात.

त्याच वर्षी नॅन्सी फेलिपे आणि रॉबर्ट सॉमर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ग्रंथालयात एकट्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीच्या अगदी लगत एक अनोळखी व्यक्ती खुर्ची ओढून बसे, बोलत काहीच नसे. अर्ध्या तासात ७० टक्के विद्यार्थिनी उठून गेल्या. ज्यांच्याजवळ कोणी बसले नव्हते त्यांपैकी फक्त १३ टक्के उठल्या. विमानात आणि वर्गात उठून जाता येत नाही, हा मोठा फरक.

या कुंपणाचा पहारेकरी मेंदूत आहे. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डला हा भाग असतो. धोक्याची दखल घेण्याच्या कामात त्याचा वाटा असतो. दोन्ही बाजूंचा अमिग्डला नष्ट झालेल्या एका स्त्रीची २००९ साली कॅलिफोर्नियात तपासणी झाली. 'समोरची व्यक्ती किती जवळ आली तर चालेल?' या चाचणीत इतरांचे सरासरी अंतर ७६ सेंटिमीटर भरले, तिचे फक्त ३४.

कुंपण ओलांडले गेले आणि उठता येत नसले तर माणूस काय करतो? मायकेल अर्गाइल आणि जॅनेट डीन यांनी १९६५ मध्ये दाखवले की अंतर कमी झाले की आपण नजर कमी भिडवतो. एकीकडे वाढलेली जवळीक दुसरीकडे कमी करतो. खिडकीजवळचा म्हणूनच खिडकीबाहेर पाहतो, कडेचा वाटेकडे वळतो. मधल्याला तोंड फिरवायला बाजूच नाही.

गर्दी वेगळी, शेजार वेगळा

येथवर वाचून वाटेल की हा सगळा गर्दीचा त्रास आहे. या समजाला धक्का देणारे संशोधन २००७ साली आले. गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला रोज रेल्वेने जाणाऱ्या १३९ लोकांचा अभ्यास केला. प्रवाशांना त्यांच्या मनःस्थितीविषयी विचारले, त्यांना एक छोटे काम दिले आणि त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजले. कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे संप्रेरक. मनावर ताण आला की ते वाढते, आणि लाळेतही उतरत असल्याने सुई न टोचता मोजता येते.

निष्कर्ष असा, की डब्यात एकूण किती माणसे आहेत याचा ताणाशी फारसा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो आपल्या बाकावर, अगदी लगत, किती माणसे आहेत याच्याशी. डबा निम्मा रिकामा असला तरी दोघांच्या मध्ये अडकलेल्याला ताण येतो. संशोधकांनी लेखाच्या शीर्षकातच 'कृपा करून मला मध्ये बसवू नका' अशी विनवणी घातली होती.

मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तेथे तिघांच्या बाकावर 'चौथी सीट' असते. चौथा प्रवासी अर्ध्या अंगाने टेकतो आणि त्याच क्षणी कडेला ऐसपैस बसलेला तिसरा माणूस 'मधला' होतो. डब्यातली माणसे तेवढीच असतात. बदलतो तो फक्त त्याचा शेजार.

रुमाल का टाकतात?

दुसरा धागा आणखी महत्त्वाचा आहे. यात्रेच्या दिवसांत पोहरादेवीच्या गाडीला फलाटावर लागण्याआधीच खिडकीतून रुमाल, पिशवी, कधी टोपी टाकली जाते. असे करणारा माणूस नुसती जागा धरत नाही, आपल्याला हवी ती जागा धरतो.

स्वीडनमध्ये उल्फ लुंडबर्ग यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्टॉकहोमला जाणाऱ्या रेल्वे प्रवाशांच्या लघवीतील अ‍ॅड्रिनॅलिन मोजले. काही प्रवासी पहिल्या स्थानकावर चढत. त्यांचा प्रवास ७९ मिनिटांचा. काही मधल्या स्थानकावर चढत. त्यांचा ४३ मिनिटांचा. कमी प्रवास करणाऱ्यांना कमी ताण येईल अशी आपली अपेक्षा. आढळले उलटेच. पहिल्या स्थानकावर चढणाऱ्यांना डबा रिकामा मिळे. कोठे बसायचे, कोणाजवळ बसायचे हे ते स्वतः ठरवत. मधून चढणाऱ्याला उरलेली जागा घ्यावी लागे.

अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनीही हेच दुसऱ्या मार्गाने दाखवले होते. त्यांनी काही जणांना कर्कश आवाज ऐकवला. त्यांतील काहींना एक बटण दिले आणि सांगितले, फारच असह्य झाले तर हे दाबा, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबले नाही. म्हणजे आवाज सर्वांनी सारखाच ऐकला. तरीही नंतर दिलेल्या कामात बटण असलेल्यांच्या चुका कमी झाल्या. सुटकेचा मार्ग आपल्या हाती आहे, एवढे कळणेच पुरेसे होते.

मधल्या जागेवर या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. कुंपण दोन्हीकडून मोडते आणि बटण हाती नसते, कारण उठायचे तर कोणाला तरी उठवावे लागते. मात्र मधली जागा नेहमीच वाईट असते असे नाही. रात्रीच्या एस.टी.त आजी आणि आईच्या मध्ये झोपलेल्या मुलाला तिच्याहून उबदार जागा नसते. दोन मैत्रिणींच्या मध्ये बसलेली मुलगी दोघींशी बोलू शकते. म्हणून प्रश्न असा विचारावा, शेजारी कोण आहे आणि जागा कोणी निवडली?

आता वर्गाकडे

वर्गात पुढील गोष्टी करून पाहा. त्यांना पट्टी, दोरी आणि वही एवढेच साहित्य लागते.

१. बाकाची लांबी मोजून तिघांत भागा. मग विद्यार्थ्याला लिहायला बसवून त्याच्या एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंतचे अंतर मोजा. दोन आकड्यांतला फरक मुलांनाच काढू द्या.

२. दोन विद्यार्थी तीन मीटर अंतरावर समोरासमोर उभे करा. एकाने सावकाश चालत यावे, दुसऱ्याने नकोसे वाटताच 'थांब' म्हणावे. पायांच्या बोटांमधले अंतर मोजा. हेच बाजूने येऊन आणि मित्राबरोबर करा. भाग घेण्याची सक्ती नको, आणि कोणाचा आकडा 'बरोबर' नसतो हे आधी सांगा.

३. डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या उजवीकडे तो बसला की दोघांची कोपरे दर ओळीला भिडतात. अक्षर वाईट म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलाची जागा एकदा तपासून पाहावी.

४. दोन आठवडे नोंद ठेवा, कोणत्या बाकावर मध्ये कोण बसते? रोज तेच मूल असेल तर का? ते लहानखुरे आहे म्हणून, नवे आहे म्हणून, की 'नाही' म्हणता येत नाही म्हणून? नंतर दर आठवड्याला जागा फिरवा, आणि महिन्यातून एकदा मुलांना स्वतः जागा निवडू द्या.

मानोऱ्याच्या बाईंना आता असे सांगता येईल. बाक वाढवणे तुमच्या हाती नसेल, वर्गातील पटसंख्या तर नाहीच. पण मुलाला येणारा ताण वर्गात साठ मुले आहेत की चाळीस एवढ्यावरच ठरत नाही. त्याच्या दोन कोपरांशी कोण आहे आणि तेथून उठायला त्याला वाव आहे का, यावरही तो ठरतो. आणि हे दोन्ही शिक्षकाच्या हाती आहे. 'मधातल्या' मुलाला पाणी प्यायला किंवा फळ्याशी यायला दोघांची परवानगी मागावी लागू नये, एवढी सोय सोमवारपासूनच करता येईल.

तुमच्या बाकांची मापे आणि मुलांच्या नोंदी आम्हाला जरूर कळवा.