नाव छोटं, माल खरा: फ्रान्सच्या स्वस्त वाइनकडून हिंगोलीने काय घ्यावं?



फ्रेंच रेड वाइन म्हटलं की बोर्दोचं नाव निघतं. पण फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राकाठी लांगडॉक नावाचा भाग आहे. तिथली चांगली रेड वाइनही बोर्दोच्या नामांकित बाटल्यांपेक्षा बरीच स्वस्त मिळते. माल हलका म्हणून नाही, नाव तेवढं मोठं नाही म्हणून!

पूर्वी तिथले शेतकरी ठोक भावात वाइन विकायचे. १९०७ मध्ये भाव इतके कोसळले की लाखो लोक रस्त्यावर उतरले. पुढे १९८७ मध्ये 'पेई दोक' हे नाव अधिकृत झालं आणि बाटलीवर द्राक्षाची जात ठळक दिसू लागली: मेर्लो, सिरा. गिऱ्हाइकाला आत काय आहे ते कळलं, दरही परवडला.

आता आपल्याकडे बघा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पण पोतं मोंढ्यात उतरवलं की भाव सौद्यात ठरतो, तुमच्या हातात राहत नाही.

मग काय करायचं?

१. जीआय चिन्ह वापरायचं तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा.
२. हळद पावडर विकण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी घ्या.
३. पुडीवर जात, गाव, काढणीचं वर्ष छापा. सेलम असेल तर सेलमच लिहा.

सगळा माल एकदम पुड्यांत भरू नका. एका क्विंटलपासून सुरुवात करा. दळण, पॅकिंग, वाहतूक वहीत मांडा, मगच दर ठरवा. स्वस्त विका, पण निनावी विकू नका!