पापणी सुजली? डोळेझाक नको!

सबमिशनचा आठवडा आला की हॉस्टेलच्या बेसिनवरच्या आरशात सकाळी एक तरी सुजलेली पापणी दिसतेच. मग सल्ल्यांचा पाऊस! कुणी म्हणतं, "नाईट मारलीस ना, म्हणून." कुणी म्हणतं, "लवंग उगाळून लाव." आणि कुणीतरी ड्रॉवरमधून मागच्या वर्षीची ड्रॉप्सची बाटली काढून देतं. यातला कुठला सल्ला ऐकायचा आणि कधी सगळं सोडून डॉक्टर गाठायचा, त्यासाठी हा लेख.

मी डॉक्टर नाही, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'रांजणवाडी' हा शब्दसुद्धा मला हॉस्टेलवर आल्यावर कळला. तोपर्यंत आमच्याकडे सगळं 'स्टाय'च! पण माझी मावशी नेत्रतज्ज्ञ आहे. सुट्टीत तिच्याकडे गेले की मी प्रश्न विचारून तिचं डोकं खाते. पापणी सुजलेला पेशंट आला की ती आधी तीन गोष्टी विचारते : सूज एका डोळ्याला की दोन्ही? खाज जास्त की दुखणं? आणि दिसण्यात काही फरक पडलाय का? या तीन प्रश्नांत बराचसा उलगडा होतो.

पापणीच का सुजते?

पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ, एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची. तिच्याखाली चरबी जवळजवळ नाही, नुसता सैल, स्पंजसारखा थर. त्यामुळे थोडंसं पाणी साचलं तरी लगेच दिसतं. रात्रभर आडवं झोपलं की ते पाणी चेहऱ्यावर राहतं. उठून हिंडायला लागलो की उतरतं. रडून झोपलेल्या किंवा रात्री खारट चिवड्यावर ताव मारलेल्या माणसाचे डोळे सकाळी फुगलेले दिसतात, ते यामुळेच. अशी सूज दोन्ही डोळ्यांना असते, दुखत नाही आणि दोन-तीन तासांत जाते. तिचं टेन्शन नको.

एक डोळा, ठणका : रांजणवाडी

पापणीच्या कडेला केसांच्या मुळाशी बारीक ग्रंथी असतात. तिथे जंतुसंसर्ग झाला की लाल, दुखरा फोड येतो, तीच रांजणवाडी. पापणीच्या आत तेल तयार करणाऱ्या ग्रंथींची एक रांगही असते, प्रत्येक पापणीत साधारण २० ते ४०. हाइनरिश मायबोम या जर्मन डॉक्टरने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. यातली एखादी तुंबली की न दुखणारी, वाटाण्यासारखी गाठ होते. तिला कॅलेझिऑन म्हणतात. डोक्यात कोंडा असणाऱ्यांच्या पापण्यांच्या कडाही अनेकदा खवलेदार होतात आणि मग हे दुखणं परत परत येतं.

दोन्हींवर उपाय एकच : शेक. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचा आणि मिटलेल्या डोळ्यावर ५ ते १० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा ठेवायचा. आतलं घट्ट झालेलं तेल सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या उबेने पातळ होऊन वाहू लागतं. रुमाल दोन मिनिटांत निवतो, तेव्हा तो परत परत बुडवावा लागतो. बोट तळहातावर घासून लावायची आजीची युक्ती तत्त्वाने बरोबर आहे, पण बोटाची ऊब क्षणभरच टिकते आणि बोटावरचे जंतू मात्र पापणीवर राहतात! लवंगेतलं तेल डोळ्यात गेलं तर बुबुळाला झोंबतं, तेव्हा ती चहातच बरी.

फोड दाबून फोडू नका. बरा होईपर्यंत काजळ आणि कॉन्टॅक्ट लेन्स बंद. रांजणवाडी साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. दोन-तीन दिवस शेकूनही वाढतच असेल तर दाखवा. कॅलेझिऑनला काही आठवडे लागू शकतात; महिन्याच्या वर राहिली तर तीही दाखवा.

दोन्ही डोळे, खाज : ॲलर्जी

धूळ, नवीन काजळ, हेअर डाय, होळीचे रंग... कारण काहीही असो, खाज हे ॲलर्जीचं मुख्य लक्षण. इथे गरम नाही, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या. चोळलं की सूज वाढते.

चिकट घाण येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील तर मात्र ते 'डोळे येणं' असू शकतं. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात याची मोठी साथ आली होती. डोळे आलेल्याकडे नुसतं बघून साथ पसरत नाही. ती हातांमधून, टॉवेलमधून आणि उशीच्या अभ्य्रातून पसरते. एका टॉवेलवर चार जण ही हॉस्टेलची दोस्ती तेवढे दिवस तहकूब ठेवा.

खास आपल्यासाठी

पावसाळ्यात ट्यूबलाईटभोवती मुंगीसारखा दिसणारा, काळ्या-केशरी पट्ट्यांचा छोटा किडा येतो. नाव पीडेरस. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्यातलं रसायन कातडी भाजल्यासारखी करतं. ते हाताने डोळ्याला लागलं की दुसऱ्या दिवशी पापणी सुजून आग होते. पूर्व आफ्रिकेत याला 'नैरोबी आय' म्हणतात. किडा फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवा.

दुसरं वर्कशॉप. शील्डशिवाय वेल्डिंगकडे बघितलं तर त्या वेळी काही वाटत नाही. ६ ते १२ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि पापण्या सुजतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ग्राइंडिंगचा कण डोळ्यात गेला तर मित्राकडून काढून घेऊ नका. ॲसिड किंवा चुना उडाला तर आधी वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं डोळा धुवा आणि मग थेट हॉस्पिटल.

सूज डोळ्याची, दुखणं दुसरीकडे

आमच्या विंगमधल्या एका मुलीचे दोन्ही डोळे रोज सकाळी सुजायचे. पीएल चालू होती, त्यामुळे जागरणाचा परिणाम असेल असं तिला वाटत होतं. मेसच्या काकूंचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं : चपलेचे पट्टे रुतलेले! लघवीला फेस येतो का, हे काकूंनीच विचारलं. येत होता. तपासणीत किडनीतून प्रथिनं वाहून जात असल्याचं निघालं. तिचं ते सेमिस्टर गेलं, पण उपचार झाले आणि आज ती आपल्यातच आहे. रोज सकाळी दोन्ही पापण्या सुजणं, सोबत पायांवर सूज किंवा फेसाळ लघवी, असं असेल तर लघवीची साधी तपासणी करून घ्या.

थांबायचं नाही!

एका डोळ्याची पापणी लाल, गरम, टम्म सुजली आणि त्यासोबत ताप असेल, डोळा फिरवताना दुखत असेल, एकाचे दोन दिसत असतील, नजर अंधुक झाली असेल किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटत असेल, तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. डोळ्याची खोबण आणि नाकाशेजारची सायनस यांच्यामध्ये कागदाइतकं पातळ हाड असतं. सर्दी-सायनसचा संसर्ग ते ओलांडून डोळ्यामागे शिरू शकतो. उशीर झाला तर नजर जाऊ शकते, मेंदूपर्यंतही पोहोचू शकतो. वेळेत शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं तर बहुतेक पेशंट बरे होतात.

पापणीसोबत ओठ-जीभ सुजून श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा. कपाळाच्या एकाच बाजूला, डोळ्याजवळ पाण्याचे फोड आले किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि ती ड्रॉवरमधली बाटली? कचऱ्यात! उघडून महिना झालेली ड्रॉप्स सहसा वापरायची नसतात. शिवाय अशा अनेक बाटल्यांत स्टेरॉईड असतं. लाली पटकन उतरते, म्हणून बरं वाटतं. पण आत नागिणीच्या जातीतला विषाणू असेल तर बुबुळाची जखम वाढते आणि फार दिवस वापरलं तर डोळ्यातला दाब वाढतो. मेडिकलवाल्या काकांना विचारून ड्रॉप्स घ्यायची सवय सोडा.

थोडक्यात काय, बहुतेक पापण्या रुमाल, कोमट पाणी आणि थोडा धीर एवढ्यावर बऱ्या होतात. पण वरची धोक्याची लक्षणं दिसली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रेक्टर मॅडमना उठवा, सोबत कुणालातरी घ्या आणि निघा. सबमिशनला एक्स्टेंशन मिळतं हो, डोळ्याला नाही.