रॉजर मॅरिस

रॉजर मॅरिस (१० सप्टेंबर, १९३४ – १४ डिसेंबर, १९८५) हे अमेरिकन बेसबॉलपटू होते. १९६१ च्या हंगामात न्यू यॉर्क यँकीज संघाकडून ६१ होम रन करून त्यांनी बेब रूथ यांचा १९२७ मधील ६० होम रनांचा विक्रम मोडला. चेंडू बहुधा कुंपणापलीकडे टोलवून फलंदाज सर्व तळांची फेरी पूर्ण करतो, तेव्हा त्या फटक्यास होम रन म्हणतात.

विक्रमाचा वाद

रूथ यांच्या काळात एका संघाचे हंगामात १५४ सामने ठरलेले असत. १९६१ मध्ये अमेरिकन लीगमधील संघ ८ वरून १० झाले आणि सामन्यांची संख्या १६२ झाली. १५४ सामन्यांत रूथ यांना मागे न टाकल्यास नव्या विक्रमाची नोंद वेगळ्या खुणेने व्हावी, अशी भूमिका बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी हंगाम चालू असतानाच घेतली. पत्रकार असताना फ्रिक यांनी रूथ यांच्या नावाने लेखन केले होते. त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणावर टीका झाली. मॅरिस यांनी ६१ वा होम रन १ ऑक्टोबर रोजी, हंगामाच्या अखेरच्या सामन्यात केला. दोन हंगामांच्या नोंदींतील हा भेद १९९१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, अधिकृतपणे रद्द झाला.

आकडेवारी आणि वारसा

बारा हंगामांत मॅरिस यांनी २७५ होम रन केले. त्यांची फलंदाजीची सरासरी ०.२६० राहिली. पुढे दुखापतींमुळे त्यांचा खेळ मंदावला. हॉल ऑफ फेममध्ये निवड होण्यासाठी क्रीडालेखकांची ७५ टक्के मते लागतात. पंधरा वेळा मतदान होऊनही मॅरिस तेथवर पोहोचले नाहीत. एका हंगामावर थोरवी ठरत नाही, असा विरोधकांचा युक्तिवाद आहे. समर्थक १९६० व १९६१ चे सलग दोन सर्वोत्कृष्ट खेळाडू पुरस्कार, उत्तम क्षेत्ररक्षण आणि सात वर्ल्ड सिरीजमधील सहभाग पुढे करतात. एकूण बेरीज खेळाडूचे सातत्य दाखवते, पण शिखर किती उंच होते हे तीत दिसत नाही, हा या वादाचा गाभा आहे.

१९९८ मध्ये मार्क मॅग्वायर यांनी ७० होम रन करून हा विक्रम मोडला. मात्र २०१० मध्ये त्यांनी स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. अमेरिकन लीगमधील मॅरिस यांचा विक्रम २०२२ पर्यंत अबाधित होता. त्या वर्षी यँकीजच्याच ॲरन जज यांनी ६२ होम रन केले. यँकीजने १९८४ मध्ये मॅरिस यांचा ९ क्रमांक कायमचा निवृत्त केला. हॉल ऑफ फेममध्ये मात्र त्यांचा समावेश झालेला नाही.