हैदराबादची थंडी कुठे तयार होते?

डिसेंबर-जानेवारीत हैदराबादचा पारा घसरला, की उत्तरेतली थंडी दक्षिणेत उतरल्याच्या बातम्या सुरू होतात. वाहिन्यांवरच्या नकाशात काश्मीरपासून दख्खनपर्यंत निळे बाण ओढलेले असतात. ते पाहून हिमालयातला गारठा वाऱ्याबरोबर थेट चारमिनारपर्यंत येऊन पोहोचला, अशी समजूत होते. ती निम्मीच खरी आहे. उत्तरेकडून हवा येते, यात शंका नाही. पण हैदराबादला पोहोचेपर्यंत तिच्यातला गारवा बराचसा सरलेला असतो आणि कोरडेपणा तेवढा शिल्लक राहिलेला असतो. पहाटे हुडहुडी भरवणारी थंडी त्या कोरड्या हवेच्या आडोशाने इथलीच जमीन रातोरात तयार करते. हा फरक अभ्यासकांपुरता नाही. थंडी शहराच्या कोणत्या भागात जास्त पडेल, कधी ओसरेल आणि कुणाच्या जिवावर बेतेल, हे ती कुठे तयार होते यावरच ठरते.

खरीखुरी शीत आघाडी कशी असते, ते आधी पाहू. पहिले महायुद्ध संपत असताना, १९१८-१९च्या सुमारास, नॉर्वेतल्या बर्गेन शहरात विल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. थंड, जड हवेचा लोंढा उबदार हवेखाली घुसून तिला वर उचलतो. दोहोंच्या सीमेवर ढग उभे राहतात, पाऊस किंवा बर्फ पडतो, वारा एकदम दिशा बदलतो आणि काही तासांतच तापमान कोसळते, मग ती वेळ भर दुपारची का असेना. अशी धारदार सीमा टिकून राहायला पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा मोठा हातभार लागतो. या फिरण्याचा वाऱ्यांवर होणारा परिणाम, म्हणजे कोरिऑलिस परिणाम, विषुववृत्तावर शून्य असतो आणि ध्रुवांकडे वाढत जातो. बर्गेन ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर हैदराबाद साधारण १७.४ अंशांवर. त्यामुळे इथे हा परिणाम बर्गेनच्या जेमतेम एक तृतीयांश भरतो. इतक्या कमी अक्षांशावर दोन हवांमधली सीमा पसरत जाते आणि पुसट होते. आता हैदराबादच्या थंडीला याच कसोट्या लावून पाहा. तिच्याबरोबर सोसाट्याचा वारा येत नाही, ढग येत नाहीत, पाऊस येत नाही. दुपारचे तापमान २७-२८ अंशांच्या आसपासच राहते. घसरते ते मुख्यतः रात्रीचे, म्हणजे किमान तापमान.

मग उत्तरेकडून नेमके काय येते? भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत वायव्य भारतात येतात. एका महिन्यात असे चार-पाच विक्षोभ येऊन जातात. त्यांच्यामुळे हिमालयात बर्फ आणि पंजाब-हरियाणात पाऊस पडतो. विक्षोभ पूर्वेला सरकला, की त्याच्या पाठीमागून थंड, कोरडे वायव्य वारे मैदानांवर पसरतात. तिथल्या थंडीच्या लाटेला हेच वारे कारण होतात. पण दिल्लीहून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे साडेबाराशे किलोमीटर दूर आहे. खालच्या थरातला वारा दिवसाला चारशे किलोमीटर कापतो असे धरले, तरी त्याला इथे यायला तीन दिवस लागतात. या तीनही दिवसांत माळवा, विदर्भ आणि उत्तर तेलंगणातली उन्हात तापणारी जमीन त्याला खालून ऊब देत राहते. शिवाय हिवाळ्यात मध्य भारतावर हवेचा दाब जास्त असतो आणि तिथे वरची हवा हळूहळू खाली बसते. खाली येणारी कोरडी हवा दाबली जाते आणि किलोमीटरमागे सुमारे दहा अंशांनी तापते. बाष्पाची गोष्ट वेगळी आहे. या खुष्कीच्या वाटेवर समुद्र नाही, त्यामुळे हवेत बाष्प मिसळायला फारसा वावच नाही. परिणामी प्रवासात गारवा झिजतो, कोरडेपणा मात्र टिकतो.

थंडीचा एक नमुनेदार आठवडा डोळ्यांसमोर आणला, तर हे स्पष्ट होते. आठवड्याच्या सुरुवातीला वारे आग्नेयेकडून, बंगालच्या उपसागरावरून येत असतात. आकाशात ढगांचे पुंजके असतात आणि किमान तापमान १८-१९ अंशांवर अडलेले असते. मग वारे ईशान्येकडे आणि पुढे उत्तरेकडे वळतात. पहिला फरक दिसतो तो दवबिंदूत. हवेतले बाष्प ज्या तापमानाला पाणी होऊन साचू लागते, तो हा बिंदू. तो १५-१६ अंशांवरून घसरत आठ-दहा अंशांपर्यंत येतो. ओठ फुटू लागतात, वाळत घातलेले कपडे लवकर सुकतात, आकाश निवळते. त्या दिवशी दुपारी थंडी जाणवतेच असे नाही. किमान तापमान मात्र एकेका रात्रीने उतरू लागते : १५, मग १३, मग ११. चौथ्या-पाचव्या दिवशी ते तळ गाठते. पुढे उच्च दाबाचे क्षेत्र सरकते, आग्नेयेचे दमट वारे पुन्हा सुरू होतात आणि एक-दोन रात्रींत थंडी ओसरते. यातला क्रम महत्त्वाचा आहे. थंडी जर वाऱ्याबरोबर तयार होऊनच आली असती, तर वारा फिरताच दिवस आणि रात्र दोन्ही गार झाले असते. प्रत्यक्षात आधी दवबिंदू उतरतो आणि रात्रीचे तापमान त्याच्या मागोमाग जाते.

असे का होते, ते जमिनीजवळ जाऊन पाहावे लागते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार उष्णता बाहेर टाकत असते. १७ अंश सेल्सिअसची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे चारशे वॉट एवढी ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडते. हवेतले बाष्प आणि ढग त्यातला मोठा भाग शोषून पुन्हा खाली पाठवतात. ढगांची गोधडी पांघरलेल्या रात्री जमिनीचा निव्वळ तोटा वीस-तीस वॉटच्या घरात राहतो. तीच रात्र कोरडी आणि निरभ्र असली, तर तोटा ८० ते १०० वॉटपर्यंत जातो. डिसेंबरअखेर हैदराबादची रात्र सुमारे १३ तासांची असते. एवढा वेळ ही गळती चालू राहिली, की जमीन गार पडते आणि तिला टेकलेली हवाही गार होते. ही घसरण किती खोल जाईल, त्यालाही दवबिंदूच आवर घालतो. हवा दवबिंदूपर्यंत गार झाली, की गवतावर दव साचू लागते आणि पाणी होताना बाष्पातली सुप्त उष्णता बाहेर पडून घसरण मंदावते. दवबिंदू १५ अंशांवर असेल तर पाऱ्याला तिथेच आधार मिळतो. तो आठवर असेल तर पारा आणखी बराच खाली जाऊ शकतो. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. एकाच पहाटे गवताच्या पात्यालगतचे तापमान पेटीतल्यापेक्षा काही अंशांनी कमी असते. गारव्याचा उगम जमिनीशी आहे, याचा हा थेट पुरावा.

याहून ठळक पुरावा शहराच्या नकाशावर मिळतो. हवामान विभागाचे हैदराबाद केंद्र बेगमपेठेत, जुन्या विमानतळाच्या परिसरात आहे. तिथून पश्चिमेला वीस-पंचवीस किलोमीटरवर पाटणचेरूला 'इक्रिसॅट' ही १९७२ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्था आहे. दोन्ही ठिकाणांची उंची जवळपास सारखी, आकाश तेच, उत्तरेकडून आलेली हवाही तीच. तरी शांत, निरभ्र पहाटे पाटणचेरूचे किमान तापमान बेगमपेठेपेक्षा तीन-चार अंशांनी कमी भरणे नेहमीचे आहे. हैदराबाद विद्यापीठाच्या विस्तीर्ण, झाडीच्या आवारातही असाच गारठा नोंदला जातो. मोकळी शेते रात्री झपाट्याने उष्णता गमावतात. डांबर, काँक्रीट आणि एकमेकांना खेटलेल्या इमारती दिवसभर साठवलेली ऊब रात्रभर सोडत राहतात आणि उंच भिंती आकाशाचा बराच भाग झाकून टाकतात. वारा वाढला किंवा आभाळ आले, की दोन ठिकाणांमधली ही तफावत घटते. महाराष्ट्रातल्या वाचकांना महाबळेश्वरचे उदाहरण परिचयाचे आहे. वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचे दव गोठते, तेव्हा काही किलोमीटरवरच्या हवामान केंद्रात पारा गोठणबिंदूच्या कितीतरी वर असतो. उत्तरेकडून आलेली लाट एवढ्या अंतरात असा भेद करू शकत नाही. तो भेद जागेची ठेवण करते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. थंडी इथेच तयार होत असेल, तर आदिलाबाद हैदराबादपेक्षा इतके गार का? पैनगंगेपलीकडे यवतमाळला लागून असलेला, मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती असलेला हा जिल्हा तेलंगणातल्या सर्वांत थंड भागांत मोडतो. आदिलाबाद शहर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरही उंच नाही, हैदराबाद मात्र पाचशेहून अधिक मीटर उंचीवर आहे. म्हणजे उंचीचा नियम लावला तर उलटेच दिसायला हवे. याचे उत्तर दुहेरी आहे. उत्तरेच्या हवेतला गारवा पूर्णपणे संपत नाही. आदिलाबाद मुळाच्या जवळ आहे, म्हणून तिथे त्यातला जास्त वाटा पोहोचतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण कोरडी हवाही तिथे आधी येते आणि जास्त दिवस मुक्काम करते. त्यात भोवताली जंगल, शेते आणि विरळ वस्ती असल्याने रात्रीची गळती बिनअडथळा चालते. म्हणजे उत्तरेचा वाटा नाकारण्याचे कारण नाही, पण हैदराबादपुरते पाहिले तर तो पायाभूत परिस्थिती पुरवण्याचा आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा शहरापेक्षा कितीतरी खाली गेल्याच्या बातम्या मराठवाड्यात दर हिवाळ्यात येतात, त्यांचाही अर्थ हाच आहे.

दुसरा आक्षेप असा, की ढगाळ हवामानातही हैदराबादकर गारठतात, त्याचे काय? मिचाँग चक्रीवादळ ५ डिसेंबर २०२३ रोजी आंध्र प्रदेशातल्या बापटलाजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा तेलंगणावरही दाट ढग जमले आणि पाऊस झाला. अशा दिवसांत सूर्य झाकलेला असतो, कपडे ओलसर राहतात आणि भर दुपारी स्वेटर चढवावा लागतो. पण तापमानाचे दोन आकडे शेजारी ठेवले, की ही वेगळीच थंडी आहे हे कळते. ढगाळ दिवसांत कमाल तापमान खाली येते आणि किमान तापमान वरच राहते, त्यामुळे दोहोंतले अंतर चार-पाच अंशांवर येऊ शकते. कोरड्या लाटेत तेच अंतर १५ अंशांच्या वर जाते. पहिल्या थंडीत ऊन पोहोचत नाही, दुसरीत ऊब टिकत नाही. दोन्हींना 'थंडीची लाट' म्हणून मोकळे झाले, की काळजी कोणती घ्यायची हेही कळेनासे होते.

तिसरा मुद्दा हवामानबदलाचा. हैदराबादेत आजवरचे नीचांकी तापमान ६.१ अंश हे ८ जानेवारी १९४६ रोजी नोंदले गेले. आता बेगमपेठेला तसा आकडा दिसत नाही, त्यावरून थंडीच संपली असा निष्कर्ष काढला जातो. जागतिक तापमानवाढीचा हात त्यात आहेच. परंतु १९४६ सालची बेगमपेठ शहराच्या कडेला होती आणि आज ती शहराच्या पोटात आहे. तापमापकाभोवतीचा परिसर बदलला, की नोंदही बदलते. जमिनीने थंडी घडवण्याची क्रिया थांबलेली नाही, तर शहराने ती आपल्या मध्यभागातून कडेला ढकलली आहे. प्रदूषणाचा धागाही इथेच जुळतो. जमिनीलगतची हवा गार आणि जड, तर वरची तुलनेने उबदार, अशी उलटी रचना पहाटे तयार होते. बेगमपेठेहून पहाटे सोडल्या जाणाऱ्या हवामान फुग्यांना हा थर ओळखता येतो. तो झाकणाचे काम करतो आणि वाहनांचा, कारखान्यांचा, कचरा जाळल्याचा धूर त्याखाली अडकतो. उन्हाने जमीन तापून झाकण उघडेपर्यंत तो धूर आपण श्वासात घेत राहतो. पहाटे पाच-सहा वाजता फिरायला जाणाऱ्या दमेकऱ्यांनी ऊन वर येईपर्यंत थांबावे, असे सांगण्यामागे हेच कारण आहे.

हे सारे मान्य केले, तर काही गोष्टी बदलायला हव्यात. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात थंडीची लाट जाहीर करण्यासाठी किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असावे लागते. बेगमपेठेला हा निकष क्वचितच लागू होतो. पण थंडीच्या पहाटे शहराच्या कडेला बांधकामांवरचे मजूर पत्र्याच्या झोपडीत किंवा उघड्यावर, नेमके जमिनीलगतच्या सर्वांत गार थरात झोपलेले असतात. त्यांच्यासाठी शहराच्या एका आकड्यावरून काढलेला इशारा निरुपयोगी आहे. राज्यभर स्वयंचलित हवामान केंद्रांचे जाळे आहे. त्यांच्या नोंदी प्रभागवार इशाऱ्यांसाठी वापरायला हव्यात, आणि निवारे, ब्लँकेट, आरोग्यतपासणी यांची सोय पाटणचेरू, राजेंद्रनगर, शंषाबादसारख्या कडेच्या पट्ट्यांत आधी पोहोचायला हवी. त्यासाठी दिल्लीतल्या पाऱ्याकडे डोळे लावून बसण्याची गरज नाही. वारा कुठून वाहतो, दवबिंदू किती उतरला आणि आकाश निवळले का, या तीन गोष्टी आदल्या संध्याकाळीच समजतात आणि पहाटेच्या थंडीचा बराचसा अंदाज त्यांतून बांधता येतो. थंडी आपल्या पायाखालच्या जमिनीतच तयार होत असेल, तर तिच्यापासून माणसे वाचवण्याची जबाबदारीही उत्तरेच्या वाऱ्यावर टाकता येणार नाही. ती इथल्या प्रशासनाची आणि नागरिकांचीच आहे.