पुन्हा खडकाळ वाटेवर

एखाद्या विद्येत पारंगत झालेल्या मनुष्याने आपण होऊन पुन्हा पहिल्या इयत्तेत जाऊन बसावे, हे दृश्य विरळाच. एकदा नाव झाले की पाटी-पेन्सिल अडगळीत जाते. कारण शिकताना चुकावे लागते, आणि चार लोकांदेखत चुकणे मोठ्या माणसाला मानवत नाही. या दृष्टीने २१ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ दि जानेरो येथील ऑलिंपिकमध्ये घडलेला प्रसंग मला मननीय वाटतो.

स्लोव्हाकियाचा पीटर सागान हा त्या वेळी डांबरी रस्त्यावरील सायकल-शर्यतीचा विश्वविजेता होता. तरीही रिओत तो उतरला तो डोंगरवाटेवरच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत. रस्त्याच्या शर्यतीतील चढ त्याच्या प्रकृतीला साजेसे नव्हते, हे खरे. पण या वाटेशी त्याचे नातेही जुने होते. २००८ साली तो याच प्रकारात कनिष्ठ गटाचा जगज्जेता ठरला होता. मधल्या वर्षांत या शर्यतींचे गुण जमा नसल्यामुळे जगज्जेत्याला पार मागच्या रांगेत उभे राहावे लागले. तेथून मुसंडी मारून तो सुरुवातीलाच आघाडीच्या स्वारांत जाऊन मिळाला. पुढे चाकातील हवा गेली आणि अखेर तो पस्तिसावा आला. निकाल सामान्यच, परंतु लहानपणी गिरवलेला धडा त्याचे हात विसरले नव्हते, हे सर्वांनी पाहिले.

क्रॉस-कंट्री शर्यत म्हणजे साधारण चार ते सहा किलोमीटरच्या वाटेच्या फेऱ्या. सुमारे दीड तास हा खेळ चालतो. वाटेत झाडांची उघडी मुळे, सुटे दगड, निसरडी माती आणि पुरुषभर उंचीच्या खडकांवरून घ्यावयाच्या उड्या असतात. रस्त्यावर शंभर जणांच्या घोळक्यात पुढच्याच्या आडोशाने जाता येते, आणि लहानसहान चूक गुळगुळीत डांबर पोटात घालते. डोंगरवाट मात्र प्रत्येक चुकीखाली तत्काळ तांबडी रेघ ओढते.

म्हणूनच कौशल्याला धार लावण्यासाठी या वाटेकडे परतण्याचे महत्त्व. येथे धडे मोजकेच, पण पक्के आहेत. पहिला धडा ब्रेकचा: सुट्या मातीवर वळणातच ब्रेक दाबला तर चाक घसरते, म्हणून वेग वळणाआधी आवरायचा. दुसरा नजरेचा: ज्या दगडाची भीती बाळगून त्याच्याकडे पाहत राहावे, त्याच दगडावर चाक जाते, म्हणून दृष्टी पुढच्या मोकळ्या वाटेवर ठेवायची. तिसरा तोलाचा: तीव्र उतारावर दोन्ही पॅडल समपातळीत, कोपरे व गुडघे सैल, आणि शरीराचा भार किंचित मागे. आणि चौथा, सर्वांत अवघड, तो निवडीचा: एकाच खडकाळ उतारावर तीन वाटा दिसतात, त्यांतील आपली कोणती, हे निमिषार्धात ठरवायचे.

ही शाळा फुकट शिकवीत नाही. नेदरलँड्सचा माथ्यू व्हान डर पूल हा सायकलवरील हुकमतीसाठी नावाजलेला. २६ जुलै २०२१ रोजी, टोकियो ऑलिंपिकच्या शर्यतीत, इझू येथे एका खडकावरून उतरताना तो पहिल्याच फेरीत कोसळला. सरावाच्या वेळी तेथे असलेली फळी शर्यतीच्या दिवशी काढलेली होती, आणि ती असेल अशी त्याची समजूत होती. पुढे त्याला शर्यत सोडावी लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लासगो येथे तो रस्त्यावरचा विश्वविजेता झाला. सहाच दिवसांनी त्याच स्कॉटलंडमधील डोंगरवाटेवर तो पहिल्याच फेरीत पुन्हा पडला. खडक कोणाची पदवी विचारीत नाही.

उलट बाजूही पाहावी. इंग्लंडचा टॉम पिडकॉक रस्ता आणि डोंगरवाट यांच्यामध्ये सतत ये-जा करीत राहिला. १४ जुलै २०२२ रोजी टूर द फ्रान्समध्ये गालिबिए घाटाच्या उतारावर तो ज्या निर्भय सफाईने सुटला, ती पाहून जाणकार स्तिमित झाले. त्या दिवशी आल्प द्युएझच्या माथ्यावर तोच पहिला पोहोचला. २९ जुलै २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकच्या डोंगरवाटेवर, चाक पंक्चर झाल्याने तो अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे पडला. त्याने अंतर भरून काढले. आणि शेवटच्या फेरीत, एका झाडापाशी वाट दुभंगते तेथे, फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्झ्कीने एक बाजू धरताच याने दुसरी धरली व तो पुढे निघाला. सुवर्णपदकाचा निर्णय केवळ पायांतील बळाने नव्हे, तर वाट निवडण्याच्या त्या चौथ्या धड्याने केला.

आपल्या घरांतील तरुण, आणि चाळिशी ओलांडलेले काही गृहस्थही, आता रुंद टायरांच्या सायकली घेऊन टेकड्यांकडे वळू लागले आहेत. जुना छंद पुन्हा हाती धरणाऱ्याने एवढे करावे: वाट आधी पायी चालून पाहावी, कारण कालची फळी आज असेलच असे नाही, अवघड जागा मंद गतीने वारंवार गिरवावी, आणि मागच्या रांगेत उभे राहण्याची लाज बाळगू नये. मागच्या रांगेतला विद्यार्थी मंद असतो, हा शिक्षकांचाही जुना गैरसमज आहे. कधीकधी तेथे एखादा जगज्जेता उभा असतो.